माल उतरला की बघू

पत्र :

"मॅडम, आमची तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे. मालकांचं वय ४८. दिवाळीत त्यांना ताप आला, घसा धरला. गावातल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, तीन दिवसांच्या गोळ्या दिल्या, बरं वाटलं. आठ दिवसांत खोकला परत. मग तासगावला दाखवलं. एक्स-रे काढला, छातीत कफ धरलाय, थोडा न्यूमोनिया असेल म्हणाले, पाच दिवसांच्या भारी गोळ्या दिल्या. पुन्हा उतार, पुन्हा तेच. आता मेडिकलमधून बाटली आणतो. जाऊबाईंच्या दम्याचा पंपही मारून बघितला. संध्याकाळी अंग कोमट लागतं. पट्टा लावूनही पँट खाली सरकते. शुगरची आणि बीपीची गोळी चालू आहे. बिडी कमी केलीय, सुटली नाही. तासगावच्या डॉक्टरांनी बेडका तपासायला सांगितला तर 'मला काय टीबी झालाय का' म्हणून उठून आले. म्हणतात, फवारणीनं खोकला येतोय, माल उतरला की बघू. थोरल्या लेकीचं लग्न वैशाखात आहे, म्हणून मलाही कुणाला विचारायची भीती वाटते. कफ मोडायला चांगलं औषध सांगा. मिरजेला न्यावं का कोल्हापूरला? आणि त्यांचं ताट-तांब्या वेगळा करू का?"

ताई,

औषधाचं नाव मी सांगणार नाही. राग मानू नका. दिवाळीपासून आता जानेवारी सरत आला. एवढ्या दिवसांत तुमच्या मालकांच्या पोटात दोन वेगवेगळ्या अँटिबायोटिक गेल्या, इंजेक्शन झालं, बाटल्या झाल्या, दुसऱ्याचा पंपसुद्धा झाला. झालं नाही ते एवढंच, की त्यांना नेमकं काय झालंय हे कुणी शोधलं नाही. एका डॉक्टरांनी शोधायला घेतलं तर तिथून मालक उठून आले. मी इथून चौथं औषध सांगितलं तर आणखी पंधरा दिवस वाया जातील, दुसरं काही होणार नाही.

तुम्हाला कोडं पडलंय ते असं, की औषध लागू पडत नसेल तर दर वेळी तीन-चार दिवस बरं का वाटतं? हे नीट समजून घ्या, कारण घरातल्या माणसांची फसगत इथंच होते.

दिवाळीतला घसा आणि ताप बहुधा साधा विषाणूचा असणार. तो गोळी घेतली तरी आणि नाही घेतली तरी आठवड्यात जातो. श्रेय गोळीला मिळतं. अशा तापानंतरचा खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो, त्याला अँटिबायोटिक लागतही नाही. पण दोन-तीन आठवडे. तीन महिने नव्हे. आता त्या इंजेक्शनचं. त्यात स्टेरॉइड असेल तर माणसाला दुसऱ्या दिवशी घोड्यावर बसल्यासारखं वाटतं, ताप उतरतो, भूक लागते. आतलं दुखणं तिथंच असतं, फक्त दबतं. शिवाय शुगर वर जाते, आणि वाढलेल्या शुगरमध्ये कुठलाही जंतुसंसर्ग लवकर हटत नाही.

सगळ्यात महत्त्वाची ती भारी गोळी. तिची रिकामी स्ट्रिप घरात कुठंतरी पडली असेल, शोधा. तिच्यावर लिव्होफ्लॉक्सासिन किंवा मॉक्सिफ्लॉक्सासिन असं काही छापलेलं असेल तर ते पुढच्या डॉक्टरांना आवर्जून दाखवा. ही औषधं न्यूमोनियावर देतात, पण क्षयाच्या जंतूवरही ती काही अंशी चालतात. क्षय असेल तर पाच दिवसांत थोडा उतार पडतो, सगळे निर्धास्त होतात, जंतू पुरते मरत नाहीत आणि निदान मात्र महिनाभर पुढं जातं. कधी थुंकीच्या तपासणीतही जंतू सापडेनासे होतात. म्हणूनच ज्या खोकल्याला दोन आठवडे उलटले, त्याला आधी थुंकीची तपासणी आणि मग औषध, असा आपल्याकडचा रिवाज आहे. तासगावचे डॉक्टर बरोबरच सांगत होते. त्यांच्याकडंच परत जायला काही हरकत नाही, उठून आलेला पेशंट परत आला म्हणून कुठल्याही डॉक्टरला राग येत नाही. आम्हाला सवय असते.

मग टीबीच आहे का? पत्रावरून हे कुणीही सांगू शकत नाही, आणि सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. संध्याकाळची कणकण, उतरलेलं वजन, जोडीला मधुमेह आणि बिडी, हे सगळं एकत्र आलं की माझ्या मनात पहिला संशय क्षयाचाच येतो. मधुमेह असलेल्याला क्षय होण्याचा धोका इतरांपेक्षा दोन-तीन पटीनं जास्त असतो. पण अर्धवट राहिलेला न्यूमोनियाही असू शकतो. बिडीनं खराब झालेल्या श्वासनळ्या असू शकतात. बीपीच्या गोळीचं नाव एनालाप्रिल किंवा रॅमिप्रिलसारखं 'प्रिल'नं संपत असेल तर त्या गोळीनंसुद्धा कोरडा खोकला येतो, महिनोन्‌महिने येतो, आणि गोळी बदलली की जातो. तुम्ही कफाचं लिहिता आणि वजनही उतरतंय, म्हणजे एवढ्यावर भागेल असं दिसत नाही, तरी गोळीचं पाकीट सोबत न्याच. बिडी ओढणाऱ्याच्या छातीत गाठ नाही ना, हेही बघावं लागतं. बघितलं की विषय मिटतो.

मालक म्हणतात फवारणीनं होतंय. त्यात तथ्यच नाही असं मी म्हणणार नाही. ऑक्टोबर छाटणीपासून बागेत किती फवारण्या होतात ते मला तुम्ही सांगायची गरज नाही, आमच्या दवाखान्यात हंगामभर डोळे चुरचुरणारी आणि छाती भरलेली माणसं येतच असतात. तोंडाला टॉवेल गुंडाळून ब्लोअरमागं फिरण्यानं धूळ अडते, औषधाची वाफ अडत नाही. बेदाण्याच्या शेडवर गंधकाची धुरी देताना तर धडधाकट माणसालाही ठसका लागतो. पण फवारणीचा खोकला फवारणीच्या दिवशी वाढतो आणि चार दिवस बागेत गेलं नाही की कमी होतो. फवारणीनं संध्याकाळचा ताप येत नाही आणि पँट सैल होत नाही. हे त्यांना याच शब्दांत सांगा. बागायतदार माणूस आहेत. वेलीवरचा रोग डाऊनी की भुरी, हे पान उलटून बघितल्याशिवाय ते स्वतः बागेत औषध मारत नाहीत. छातीच्या बाबतीत मात्र पान न उलटता तिसरी फवारणी चालली आहे.

आता तपासणीचं सांगते, कारण ती बहुतेकदा नीट होत नाही आणि मग 'रिपोर्ट नॉर्मल आला' म्हणून घरी पेढे वाटले जातात.

तुमच्या जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा तासगावच्या ग्रामीण रुग्णालयात 'खोकला दोन आठवड्यांच्या वर आहे, थुंकी तपासायची आहे' एवढं म्हटलं तरी पुरतं. प्लॅस्टिकची झाकणाची डबी देतात. साधारण एक नमुना तिथंच घेतात आणि दुसरा दुसऱ्या दिवशी सकाळचा मागतात. सकाळचा जास्त कामाचा, कारण रात्रभर छातीत साचलेलं तेव्हा वर येतं. उठल्यावर साध्या पाण्यानं चूळ भरायची, चहा-बिडीच्या आधी. उघड्यावर जायचं, अंगणात किंवा गच्चीवर. संडास-बाथरूममध्ये नको, तिथं जंतू कोंडून राहतात. दोन-तीन वेळा खोल श्वास घ्यायचा, जरा धरायचा, आणि पोटातून जोर लावून खोकायचं. डबीत जे पडेल ते घट्ट, पिवळसर, चिकट असायला हवं. पातळ, फेसाळ, पांढरं पाणी पडलं तर ती तोंडातली लाळ. ती तपासून जंतू सापडणार कुठून? तळ झाकला जाऊन वर थोडं येईल एवढा बेडका पुरे. झाकण घट्ट लावून, डबीवर नाव आहे ना ते बघून त्याच सकाळी पोचवा.

'सीबीनॅट' किंवा 'ट्रूनॅट' मशीनवर तपासणी करा म्हणून मागणी करा. नुसत्या सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीत थोडे जंतू असतील तर सुटून जातात. मशीन जंतूचा अंश पकडतं, आणि रिफॅम्पिसिन हे क्षयाचं मुख्य औषध त्या जंतूवर चालेल का, तेही त्याच वेळी सांगतं. मशीनला एक-दोन तास पुरतात, तुमच्या हातात कागद यायला एखादा-दुसरा दिवस लागेल. सरकारी दवाखान्यात हे फुकट आहे. सोबत नवीन एक्स-रे, उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची शुगर, आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी. क्षय निघालाच तर एचआयव्हीचीही तपासणी करतात. ती सगळ्यांचीच करतात, त्यात मनाला लावून घेण्यासारखं काही नाही.

मिरज की कोल्हापूर, हा प्रश्न वाचून मला हसू आलं. मिरजेच्या अंगणात राहून तुम्ही कोल्हापूरला कशाला जाता? मिशनरी डॉक्टर वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत दवाखाना उभा केला तेव्हापासून लांबलांबची माणसं इथं येत आलीत. मिरजेला सरकारी मेडिकल कॉलेज आहे, सांगलीला सिव्हिल आहे, दोन्हीकडं छातीचे डॉक्टर आहेत. पण सुरुवात तिथून करू नका. पहिली थुंकी तुमच्या गावाजवळच होते, आणि बहुतेकांचं काम तिथंच भागतं. थुंकीत काही सापडलं नाही आणि ताप-वजन तसंच राहिलं, तर मात्र मिरज किंवा सांगली गाठा. तिथं फुंक मारून फुप्फुसाची ताकद मोजतात, गरज पडली तर सीटी स्कॅन करतात, दुर्बीण घालून आतला नमुना घेतात. थुंकीचा रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणजे शोध संपला, असं धरून चालू नका. माणूस बरा झाला की शोध संपतो.

मिरजेजवळच्या वानलेसवाडीचा उल्लेख केला नाही तर हे पत्र अपुरं राहील. मालकांच्या 'मला काय टीबी झालाय का' या एका वाक्यामागं ती वानलेसवाडी आहे. तिथं क्षयाचं सॅनेटोरियम होतं. आमच्या घरातल्या म्हाताऱ्या बायका 'त्याला वानलेसवाडीला ठेवलाय' हे वाक्य आवाज खाली घेऊन म्हणायच्या, कारण तेव्हा गेलेला माणूस महिनोन्‌महिने तिथंच असायचा आणि कितीतरी परतच यायचे नाहीत. त्या वेळी जंतू मारणारं औषधच नव्हतं, मोकळी हवा आणि दूध-अंडी एवढाच उपचार. आज साध्या क्षयाला सहा महिने गोळ्या पुरतात. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन, वजनाप्रमाणे रोज. घरी राहून. गोळ्या फुकट मिळतात आणि सकस आहारासाठी महिन्याला १,००० रुपये बँकेत जमा होतात. आधी ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून वाढवलेत. म्हाताऱ्यांची भीती तेव्हा खरी होती. मालक तीच भीती आज बाळगून बसलेत.

लग्नाचं. तुम्ही ते शेवटी लिहिलंत, पण पत्र लिहायचं कारण तेच आहे, मला कळलं. जरा हिशोब मांडा. वैशाखाला अजून तीन महिने आहेत. क्षय निघाला आणि याच आठवड्यात गोळ्या सुरू झाल्या, तर औषध लागू पडणाऱ्या माणसाकडून दुसऱ्याला लागण व्हायचा धोका पहिल्या काही आठवड्यांतच खूप कमी होतो. खोकला ओसरतो, भूक परत येते, वजन धरतं. वैशाखात ते मांडवात उभे राहून पाहुण्यांचं स्वागत करतील, गोळ्या तेवढ्या चालू असतील. आता दुसरी बाजू धरा. माल उतरेपर्यंत थांबलात, मग बेदाण्याची गडबड, मग बस्ता, मग आमंत्रणं. हळदीच्या दिवशी त्यांच्या बेडक्यात रक्त पडलं तर सगळ्या भावकीसमोर पडेल. लपवायचं म्हणून थांबताय, आणि थांबण्यानंच ते उघडं पडणार आहे.

सोयऱ्यांना सांगायचं की नाही, ते तुमचं घर ठरवेल. दवाखान्यातून कुणी दवंडी पिटत नाही. गावातल्या आशाताई घरी आल्या तर येऊ द्या, त्या बाळंतिणीकडं येतात तशाच इथंही येतात. पण एक गोष्ट लेकीच्या भल्याची आहे म्हणून स्पष्ट लिहिते. क्षय निघाला तर घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्यायची, नवरीचीसुद्धा, आणि डॉक्टरांनी प्रतिबंधक गोळ्या सांगितल्या तर लग्नाआधीच सुरू करायच्या. तिला सासरी पाठवताना दागिन्यांच्या यादीआधी हे बघा.

ताट-तांब्या वेगळा करू नका. क्षय उष्ट्या ताटातून पसरत नाही, हवेतून पसरतो. वेगळ्या ताटानं फायदा काही नाही, माणूस मात्र मनातून खचतो. निदान होईपर्यंत त्यांना हवेशीर खोलीत, खिडकी उघडी ठेवून, एकटं झोपू दे. थंडीचे दिवस आहेत, पांघरूण जास्त द्या पण खिडकी लावू नका. खोकताना तोंडावर रुमाल, माणसांत बसताना मास्क. कुठंही थुंकायचं नाही, झाकणाच्या डब्यात थुंकायचं. घरात लहान पुतणे-भाचे असतील तर त्यांना सध्या मांडीवर घेऊ नये. एवढं पुरे.

गोळ्या सुरू झाल्याच तर दोन-तीन गोष्टी आधीच कानावर घालून ठेवते, म्हणजे घाबरून बंद करणार नाहीत. लघवी केशरी-लालसर होते. ते औषधाचा रंग आहे, रक्त नव्हे. रिफॅम्पिसिनमुळे शुगरच्या काही गोळ्यांचा जोर कमी होतो, म्हणून शुगर वारंवार तपासून डोस बदलून घ्यावा लागतो, कधी काही दिवस इन्शुलिनही लागतं. डोळे पिवळे दिसायला लागले, उलट्या थांबेनात किंवा नजर अंधुक झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. आणि दोन महिन्यांत माणूस टुणटुणीत होतो, तेव्हाच बरेच लोक 'आता कशाला' म्हणतात. द्राक्षाचे शेवटचे पंधरा दिवस कुणी बाग सोडत नाही, एवढं त्यांच्याच भाषेत सांगून बघा.

घरी हळदीचं दूध देत असाल तर चालू द्या, घशाला बरं वाटतं. गूळ घातलेला काढा मधुमेह्याला नको, आणि मेडिकलमधल्या बाटल्यांतही साखर असते हे ध्यानात असू द्या. काढ्यात ज्येष्ठमध घालत असाल तर बीपीच्या माणसाला रोज देऊ नका, त्यानं रक्तदाब वाढतो. खोकला दाबणारी बाटली बंद करा. बेडका बाहेर पडायला हवा आहे, आणि तपासायलाही. बिडीबद्दल मी आज भांडत नाही, एका वेळी एकच लढाई.

मात्र यातलं काहीही दिसलं तर तपासणीची वाट न बघता सरळ मोठ्या दवाखान्यात न्या : बेडक्यात रक्त, एक वाक्य बोलताना धाप, छातीत कळ, ओठ निळसर, बोलण्यात भ्रम, किंवा बोटाच्या मशीनवर ऑक्सिजन ९४ च्या खाली. १०८ ला फोन करा.

त्यांना तयार कसं करायचं? तुम्ही म्हणालात तर ते ऐकणार नाहीत, तसं असतं तर हे पत्र आलंच नसतं. दीर असतील तर त्यांना पुढं करा, नाहीतर ज्याच्याशी ते औषधाच्या दुकानात बसून मालाच्या दराच्या गप्पा मारतात त्याला. टीबी हा शब्द लपवू नका, पण त्यावर वादही घालू नका. 'नाही निघाला तर तुमचंच खरं झालं, मग फवारणीचं बघू' एवढंच म्हणा. माल उतरायला व्यापारी येतो, मजूर असतात, पेट्या भरणारे असतात. त्या सगळ्यात एक सकाळ मालक नसले तर दर पडत नाही.

जाताना एका पिशवीत तासगावचा एक्स-रे, सगळ्या चिठ्ठ्या, रिकाम्या स्ट्रिपा आणि बीपी-शुगरच्या गोळ्या घ्या. मध्ये काही अडलं, डबीच दिली नाही किंवा कुठं जायचं समजलं नाही, तर १८००-११-६६६६ हा क्षयरोगाचा निःशुल्क फोन आहे. खासगी डॉक्टरकडं दाखवायचं असेल तरी चालेल. क्षयाच्या पेशंटची सरकारकडं नोंद करणं त्यांनाही बंधनकारक आहे, आणि सरकारी गोळ्या तिथूनही मिळू शकतात.

जाऊबाईंचा पंप मालकांनी आता वापरू नये. जाऊबाईंना तो लागतो, पण क्षयाची शंका असलेल्या माणसानं तोंडात धरलेलं नळकांडं दुसऱ्यानं वापरू नये. त्यांना नवीन घेऊन द्या.